जोडीतला गंभीर माणूस

तायडे सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. फोनवर त्यांच्या पत्नी मायाताई होत्या. "सकाळी गेले," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. मग चहा केला, प्यायले, कप विसळून पालथा घातला. रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण आलं नाही. आता त्याला बरेच महिने झाले, अजूनही आलेलं नाही. वाईट वाटलं असं म्हणायची रीत आहे म्हणून मीही लोकांना तसं सांगते. खरं म्हणजे नुसतं सुन्न वाटतं, आणि तेही एखाद्या दुपारी, ग्रंथालयात कोणी नसताना.

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथे सर इंग्रजी शिकवत. काळेसावळे, रुंद अंगाचे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं शेवटचं बटणही लावलेलं. वऱ्हाडातला मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच या बटणाची किंमत कळेल. आम्ही पंख्याखाली पदरानं, फायलीनं वारा घेत बसलेलो असायचो आणि सर त्या बटणासकट शांत बसलेले असायचे.

त्यांची दुसरी सवय थांबण्याची. "सर, चहा घेता का?" असं शिपायानं विचारलं की सर त्याच्याकडे पाहायचे आणि थांबायचे. इतके थांबायचे की विचारणाऱ्याला आपलं काही चुकलं का असं वाटायला लागायचं. तो परत जायला वळला की मग आवाज यायचा, "हाव." नवे प्राध्यापक त्यांना आखडू समजत. मुलं त्यांना 'स्टॅच्यू' म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. कॉलेजात लागले त्या वर्षी मीही त्यांना घाबरून होते. ते ग्रंथालयात आले की मी उगीच पुस्तकं सरळ करायला लागायचे.

मग गॅदरिंग आलं, आणि मला कळलं की हा माणूस विनोदी कार्यक्रम करतो.

एकटा नाही. सरांबरोबर अकोल्याचे गावंडे असत. जठारपेठेत गावंड्यांचं फुलांचं दुकान आहे. लग्नाचे हार, गाडीचे हार, तिरडीचे हार, सगळं एकाच बाजेवर गुंफलं जातं. शिवणीच्या बाजूला त्यांच्या घरची थोडी शेती, तिथला झेंडू दुकानात येतो. गावंडे किडकिडीत, डोळे सारखे काहीतरी शोधणारे. नुसते उभे राहिले तरी कुठून तरी पडतील असं वाटावं. तायडे आणि गावंडे अकोल्यात कॉलेजात एका बाकावर होते. गावंड्यांनी बाक सोडून दुकान धरलं, सरांनी बाक सोडून फळा धरला.

जोडी जमली ती भीमजयंतीच्या कार्यक्रमात, सरांच्या वस्तीत. सर निवेदन करत होते. पाहुण्यांचं स्वागत जाहीर झालं आणि गावंडे टोपली घेऊन स्टेजवर आले. पाहुणे मोजले, टोपलीत पाहिलं आणि माइकच्या इतकं जवळ येऊन म्हणाले की सगळ्या मंडपानं ऐकलं, "सर, हार कमी पडून राहिले. कोनाले उठवता?"

सर हसले नाहीत. "कृपया आपण बसून घ्या," म्हणाले.

"मी बसलो त हार कोन घालीन?"

मंडप हसायला लागला. सर तसेच उभे, पुढचं नाव वाचायला तयार. लोकांना वाटलं हे ठरवून केलेलं आहे. पुढच्या वर्षी त्यांनी खरंच ठरवून केलं.

त्या सुमाराला सरांचा पुतण्या इंग्लंडात नोकरीला गेला होता. तो सुट्टीत आला तेव्हा त्यानं काकांसाठी जुन्या ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटी आणल्या. काकांचं इंग्रजी चांगलं, तर काकांना करमणूक, एवढाच त्याचा हिशेब असावा. सरांनी त्या पिशवीत घातल्या आणि थेट अकोल्याला नेल्या. गावंड्यांच्या दुकानामागच्या खोलीत व्हीसीआर होता. तिथं हे दोघं रविवारी दुपारी बसायचे, झेंडूच्या ढिगात. कॅसेटीत नाना तऱ्हेच्या जोड्या होत्या. कोणी पडद्यापुढे उभे राहून नुसते बोलणारे, कोणी टेबलामागे बसून बातम्या द्यायचं सोंग करणारे, कोणी एका खोलीत राहून एकमेकांचा जीव खाणारे. गावंड्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि सर भाषांतर करून सांगत नसत. "सांगतलं का मरते ते," म्हणायचे. तरी गावंडे नेमक्या जागी हसायचे. शब्द कळत नसले तरी आता कोणाची फजिती होणार हे त्यांना आधी कळायचं.

हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आहे, आणि एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. गावंड्यांनी एकदा विचारलं, "काहो सर, हे दोघं खरोखर दोस्त हायेत का?"

सर नेहमीप्रमाणे थांबले. मग म्हणाले, "मले मालूम नाई. पन एकानं बोलणं टाकलं का दुसरा तिथं असते."

"मंग आनखी काय पायजे," गावंडे म्हणाले आणि कॅसेट पुढे चालू झाली.

सरांचं सगळं लक्ष त्या दुसऱ्यावर असायचं. ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी उभं राहून ते मला यावर शिकवण देत, जसं काही मीही उद्या स्टेजवर जाणार होते. "मॅडम, येडेपना करणाराकडे सगळे पाहतात. तो सोपा हाय. तुमी बाजूच्याले पाहा. त्यानं जर हसून देल्लं, त लोकायले वाटते, आता यायचं यायनंच हसून घेतलं, आपलं काय काम. आन् तो जर गंभीर राह्यला, त लोकं हसतात ते खेळावर हसतात. नाईतर मानसावर हसतात. त्याच्यात लय फरक हाय." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, खेळावर की माणसावर. मी मान हलवायचे. मला तेव्हा हा फरक बारीक वाटायचा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ एसटीच्या तिकीट खिडकीचा. सर प्रवासी, गावंडे खिडकीत. स्टेजवर सर प्रमाण मराठी बोलत, कडक इस्त्रीची.

"अकोल्याचं एक तिकीट द्या."

"कोनाकडे जाता?"

"गावंडेकडे."

"तो घरी नाई."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच गावंडे."

"मग आपण इथे काय करता?"

"तुमच्याचकडे आलतो. तुमी भेटले नाई. मंग म्हटलं, बसल्या बसल्या तिकिटं इकू."

हे कागदावर काहीच नाही. पण शेवटच्या वाक्यानंतर सर गावंड्यांकडे पाहत जे थांबायचे, त्यात सभागृह लोळायचं. मी तो खेळ अमरावतीत पाहिला, अकोल्यात पाहिला, परतवाड्याला पाहिला. दर वेळी ठरवायचे की या वेळी सरांचा ओठ कुठं हलतो ते पकडायचं. कधी सापडला नाही.

लोकांना अर्थातच गावंडे लक्षात राहायचे. अंजनगाव सुर्जीला व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात खेळ झाला. संपल्यावर आयोजकांनी शाल-श्रीफळ गावंड्यांना दिलं, फोटो गावंड्यांबरोबर काढले, आणि सरांना म्हणाले, "तुमी जेवून घ्या, ड्रायव्हर लोकायची पंगत तिकडं हाय." सर जाऊन त्या पंगतीत बसले, जेवले, वर ताक मागून घेतलं. गावंडे संतापले होते. परतीच्या वाटेवर सर त्यांना म्हणाले, "म्हंजे आज बरोबर जमलं." यात कडवटपणा मुळीच नव्हता. मला तरी कधी दिसला नाही, आणि कडवटपणा मी लांबून ओळखते. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं काढली आहेत.

या गंभीरपणानं एकदा घात केला. आमच्या कॉलेजचे जुने कार्यालय अधीक्षक वारले. शोकसभा होती, सभागृह भरलेलं. सर बोलायला उठले. गळ्याचं बटण लावलेलं, समोर पाहिलं आणि थांबले. आता हे थांबणं सगळ्या अमरावतीला माहीत झालेलं. मागच्या रांगेत कोणीतरी बारीक खुसखुसलं. सर तरी थांबलेलेच, कारण त्यांना खरोखरच शब्द सुचत नव्हते. अधीक्षक त्यांचे चांगले मित्र होते. आणि तेवढ्यात मागच्या दारानं गावंडे आले. फोटोला घालायचा हार त्यांच्याचकडून मागवलेला होता, आणि बस उशिरा पोचली होती. टोपली घेऊन मधल्या वाटेनं ते घाईघाईनं येत होते. बस्स. सगळं सभागृह फुटलं. प्राचार्य हसले. मी हसले. गावंडे मधेच थबकले, मागे वळून पाहिलं, कोणाला हसतात म्हणून, आणि लोक आणखी हसले. स्टेजवर सर तसेच उभे होते. मग दोघं माफी मागायला अधीक्षकांच्या घरी गेले. त्यांच्या मुलानं दार उघडलं, दोघांना एकत्र उभं पाहिलं, त्याला हसू आवरेना, आणि त्यानं दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं नाही. दोघं पायरीवरून परत आले.

आता पुढचं.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. स्टाफ मीटिंग चाललेली, प्राचार्य पाण्याची टाकी धुण्याबद्दल बोलत होते. सर हसले. मोठ्यानं, तोंड उघडून. क्षणभर कोणाला कळेना. मग सगळे हसले, कारण तायडे सर हसले म्हणजे काहीतरी असणारच. प्राचार्यही हसले आणि टाकीचा विषय राहून गेला.

त्यानंतर पंधरवड्यात माझी आई पडली, कंबरेचं हाड मोडलं. मी सरांना सांगितलं. ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी पुस्तकांचा गठ्ठा उचलून आत गेले आणि रॅकमागे उभी राहिले. मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. मेंदूचा पुढचा भाग सुकत चालला आहे, म्हणाले. हसू आणि बोलणं कुठे आवरायचं हे ठरवणारी जागा तीच. औषध नाही. हळूहळू माणसं ओळखणंही जाईल, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

सरांचा निरोप समारंभ ठरलेला होता. सगळ्यांना खिडकीचा खेळ हवा होता. कार्यक्रमाचं विचारायला मी सरांच्या घरी, रुक्मिणीनगरला गेले तेव्हा गावंडे आधीच येऊन बसले होते. मायाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. घरातही त्यांचं बोलणं नेमकं असायचं.

"कार्यक्रम काई होनार नाई," त्या म्हणाल्या. "हार घालतीन, आमी घरी येऊ. बस."

सर खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे पाहून हसत होते. गळ्याचं बटण मायाताईंनी लावलेलं होतं, एक घर चुकवून.

"वहिनी, त्यायचा शेवटचा दिवस हाय कॉलेजातला," गावंडे म्हणाले.

"म्हनूनच म्हनून राहिली ना भाऊजी. ते मधीच हासतीन. काईबी बोलतीन. लोकं यायच्यावर हासतीन. या मानसाले आजवर कोनी हासलं नाई. शेवटच्या दिवशी कशाले?"

गावंड्यांनी सरांच्या त्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी अलीकडे येतो. त्यायले खिडकीत बसवतो."

मायाताईंना कळलं नाही. मलाही नाही.

"खिडकीतला मानूस येडाच असते, वहिनी. तो हासला त चालते. काईबी बोलला त चालते. गंभीर राहाले पायजे ते भायेरच्यानं. ते मी राहातो. लोकं मानसावर हासून राहिले असं वाटलं, त मी तिथंच खेळ बंद करतो. तुमी समोर बसा. तुमी मान हालवली तरी बंद करतो."

"तुमाले जमते का गंभीर राहाले?" मायाताईंनी विचारलं. खोचक नव्हतं, खरंच विचारत होत्या.

"नाई जमत," गावंडे म्हणाले.

निरोप समारंभ दुपारचा होता. भाषणं झाली, हार झाले. मग टेबल पुढे आणलं, मागे सरांना बसवलं. पुढून गावंडे आले. सरांसारखाच पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. त्यांना त्या वेशात पाहूनच लोक हसायला लागले. मी मायाताईंच्या शेजारी बसले होते. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

"अमरावतीचं एक तिकीट द्या," गावंडे म्हणाले.

सर हसायला लागले. थांबेनात. खांदे हलत होते, टेबल हलत होतं. सभागृह आधी हसलं, मग कमी कमी होत गेलं, आणि एक क्षण असा आला की नुसते सर हसत होते. मायाताईंची मान हलायच्या बेतात होती. गावंडे सरळ उभे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. शांतता पुरेशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

सभागृह कोसळलं. सर आणखी हसले. गावंडे लोकांकडे वळले आणि आवाज न चढवता म्हणाले, "सरकारी खिडकी हाय. सायबाचं हासून झाल्याबिगर तिकीट भेटत नाई."

लोक आता निर्धास्त हसत होते, खेळावर. मायाताईंनी पर्स मांडीवर ठेवली.

आणि एकदम सर हसायचे थांबले. समोरच्या माणसाकडे त्यांनी पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "कोन तुमी?" त्यांनी विचारलं.

हे खेळात नव्हतं. लोकांना वाटलं, आहे.

 गावंड्यांच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली होती. पहिल्या रांगेतून ती दिसत होती. मग म्हणाले, "गावंडे."

"गावंडे घरी नाई," सर म्हणाले.

इतकं मोठं हसू त्या सभागृहानं ऐकलं नसेल. मागची मुलं बाकांवर हात आपटत होती. सरांना खेळातलं वाक्य आठवलं होतं, की समोर कोण आहे हे खरंच कळत नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. गावंड्यांनाही कळलं नसावं. त्यांना तिथं हसता आलं असतं, रडताही आलं असतं, लोकांनी दोन्ही गोड मानून घेतलं असतं. ते दोन्ही न करता उभे राहिले.

"बरं," म्हणाले. "मी वाट पाहातो."

पडदा ओढला. मी आत गेले तेव्हा मायाताई त्यांना विचारत होत्या, "भाऊजी, वळखलं होतं का त्यायनं तुमाले?"

गावंडे गळ्याचं बटण काढायचा प्रयत्न करत होते, निघत नव्हतं. "वहिनी, टायमिंग बरोबर होतं," एवढंच म्हणाले.

नंतर मायाताईंनी बदली मागून घेतली आणि अकोल्यात, जठारपेठेतच घर घेतलं. नोकरी होती, दिवसभर सरांना एकटं ठेवता येत नव्हतं. गावंडे सकाळी त्यांना दुकानात आणत आणि संध्याकाळी पोचवत. मी एकदाच गेले, विद्यापीठाच्या कामासाठी अकोल्याला आले होते तेव्हा. बाजेच्या बाजूला खुर्ची टाकून सर बसले होते. हसणंही आता गेलं होतं. चेहरा तोच होता, आम्ही सगळे घाबरायचो तो, पण त्याच्यामागे आता थांबलेलं कोणी नव्हतं. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे.

मी गावंड्यांना म्हटलं, "तुम्ही थकलेले दिसता."

"थकाले काय झालं, मॅडम. हार गुंफतो, यायले पाहातो." ते हसले नाहीत. निरोप समारंभाला लावलेला तो चेहरा त्यांनी अजून उतरवलेला नव्हता, असं मला वाटलं. "बायको म्हनते, तुमी घरीबी असेच बसता," असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मी निघाले, ऑटोत बसले. ऑटोवाला सुटे आणायला पलीकडे गेला होता. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, नवी मोटारसायकल घेतलेला, चांगल्या कपड्यातला माणूस. गावंडे त्याचा हार बांधत होते. तेवढ्यात सरांनी ढिगातलं झेंडूचं एक फूल उचललं, तोंडात घातलं आणि चावायला लागले. पाकळ्या ओठांवर चिकटल्या. तो माणूस हसला. खिशातून मोबाइल काढायला लागला.

गावंड्यांनी हार खाली ठेवला. तसंच एक फूल उचललं, देठासकट तोंडात टाकलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाहत सावकाश चावू लागले.

"काय करून राहिले हो?" तो म्हणाला.

"माल तपासून राहिलो. आमच्याकडं दोघं जनं तपासल्याबिगर हार देत नाई."

तो माणूस गोंधळला. मोबाइल अर्धा वर आलेला, तो त्यानं परत खिशात घातला. हार घेतला आणि गेला. जाताना तो हसत होता, पण ते गावंड्यांकडे पाहून.

झेंडू कडू असतो. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी ते थुंकून टाकायला हरकत नव्हती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. पण सर अजून चावत होते. गावंडे स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. ऑटो सुरू झाला तेव्हा दोघंही रस्त्याकडे तोंड करून, गळ्यापर्यंत बटणं लावून, सावकाश चावत बसले होते, आणि दोघांपैकी कोणीही हसत नव्हतं.